कानाशी आलेली वीज



यंदाच्या मालेत आमच्या आधी वेदान्तावर एक आणि शेतीच्या अर्थकारणावर दोन व्याख्याने झाली. त्यांच्यामागून कोणी उठावे आणि हेडफोनच्या तुटलेल्या तारेवर बोलू लागावे, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. आमची हयात कामगार संघटनेच्या कामात गेली. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण रेडिओ-दुरुस्तीच्या एका दुकानात रात्रीच्या वेळी बाकावर बसून आणि सार्वजनिक वाचनालयात शब्दकोश उशाशी घेऊन झाले. तेव्हा मोठ्या तत्त्वांवर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण एका तारेपायी एक माणूस आपला कान गेला असे समजून दोन वर्षे गप्प बसला होता, ती हकीकत सांगण्याचा अधिकार मात्र आहे.

हे गृहस्थ आम्हांला वडील. सारी हयात बोटीवर इंजिनखोलीत ग्रीझर म्हणून गेली. आम्ही त्यांना काका म्हणतो. १९७८ साली जपानच्या बंदरात त्यांनी दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे मोजून एक हेडफोन घेतला. सोबत्यांनी वेड्यात काढले. कंपनीचे नाव स्टॅक्स. आजही त्या हेडफोनमधून काका भजनी बुवांच्या कॅसेटी आणि नाट्यपदे ऐकतात. पूर्वी युनियनच्या प्रत्येक सभेला पुढच्या रांगेत असायचे. पुढे येणेच बंद झाले. चौकशीला गेलो तर म्हणाले, "भाऊ, माझो डावो कान गेलो रे. आता उजव्या कानावरच दिवस काढूचे." इंजिनखोलीच्या गडगडाटात तीस वर्षे काढलेल्या माणसाने असे म्हटले की कोणाला संशय येत नाही. आम्हांलाही आला नाही. "कशावरून?" एवढेच विचारले. ते म्हणाले, हेडफोनमध्ये डावीकडचा आवाज बसला आहे, म्हणून.

आम्ही म्हटले, "काका, तो उलटा घालून बघा."

डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. एवढीच परीक्षा. तिला पैसा लागत नाही की हत्यार लागत नाही. दोष कानात असेल तर बसका आवाज डावीकडेच राहील. हेडफोनात असेल तर वाटीबरोबर उजवीकडे जाईल. काकांनी घातला, थोडा वेळ ऐकला, काढला, पुन्हा घातला. दोष उजवीकडे गेला होता. मग पेटीला जाणाऱ्या डाव्या-उजव्या तारा आम्ही अदलाबदल करून पाहिल्या. तरी दोष त्याच वाटीपाशी राहिला. म्हणजे पेटी निर्दोष, कॅसेटचे यंत्र निर्दोष, दोष हेडफोनात किंवा त्याच्या केबलीत. दोन वर्षांत ही परीक्षा कोणी सुचवली नाही, आणि ती न सुचवणारांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

आता हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे तार का महत्त्वाची ते आपोआप कळेल.

नेहमीच्या हेडफोनात लोहचुंबक असतो, त्याच्यात तारेचे वेटोळे असते आणि वेटोळ्याला चिकटवलेला पडदा हालतो. आमच्या या हेडफोनात चुंबक नाही. लहानपणी आपण सर्वांनी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले आहेत. तीच ही वीज. हिला स्थिरविद्युत म्हणतात. भोके पाडलेल्या दोन धातूच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पापुद्रा ताणून बसवतात. जुन्या नमुन्यांत त्याची जाडी काही मायक्रॉन असे, पुढे ती एकदोन मायक्रॉनवर आली. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. या पापुद्र्यावर कायमचा विद्युत्‌भार ठेवतात. दोन पत्र्यांना गाण्याची वीज अशी देतात की एक ओढील तेव्हा दुसरा ढकलील. रस्सीखेच म्हणा ना, फक्त दोन्ही बाजूंचे गडी एकाच मताने दोर हालवताहेत. पापुद्र्याला वजन जवळजवळ नाहीच, आणि त्याच्या सबंध अंगाला एकदम जोर लागतो. म्हणून तबल्याची थाप पडते तशीच ऐकू येते, तिच्यामागे रेंगाळणारा गोंधळ येत नाही. इंग्लंडात पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाड कंपनीचा जो लाऊडस्पीकर बाजारात आणला तो याच तत्त्वावरचा. स्टॅक्सने १९५९ साली तेच तत्त्व कानापुरते लहान करून दाखवले आणि पुढच्या वर्षी 'एसआर-१' विकायला काढला. ते त्याला हेडफोन म्हणत नाहीत, इअरस्पीकर म्हणतात. विक्रेत्याचा डौल म्हणून सोडून द्यावे, पण नाव अगदीच खोटे नाही.

पापुद्र्यावरचा भार ठेवायला काकांच्या नमुन्यात २३० व्होल्ट लागतात. योगायोग असा की आपल्या भिंतीतल्या विजेचा आकडाही हाच. फरक एवढाच की भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा पालटून येते-जाते, ही एकाच दिशेची. १९८०च्या दशकात स्टॅक्सने हा आकडा ५८० केला आणि चुकामूक होऊ नये म्हणून प्लगही बदलला. जुन्या प्लगला सहा पिना, नव्याला पाच. जुना सहा पिनांचा प्लग नव्या सॉकेटात जातच नाही. पाच पिनांचा जुन्यात जातो, पण मग आवाज हळू येतो; त्यात नुकसान काही नाही. कारागिराने यंत्रातच शहाणपण घालून ठेवले की वापरणाराला सूचनांचे फलक वाचावे लागत नाहीत. कारखान्यांतल्या यंत्रांनाही अशी सोय असती तर आमच्या निम्म्या तक्रारी लिहाव्या लागल्या नसत्या.

एका कानाला तीन तारा लागतात : दोन पत्र्यांना दोन, आणि पापुद्र्याला भार पोचवणारी एक. दोन्ही कानांच्या मिळून सहा. पत्र्यांच्या तारांतून गाण्याच्या जोराप्रमाणे कित्येक शे व्होल्ट ये-जा करतात, आणि ही केबल आपल्या मानेवरून, गळ्यावरून जाते. म्हणून पहिली गोष्ट सांगून टाकतो, कारण नंतर सांगायची राहील. केबलीचे वरचे कातडे फाटून आतली तार दिसू लागली असेल तर त्या दिवसापासून ती वापरू नये. चिकटपट्टी गुंडाळून एक आठवडा काढू, हा विचार करू नये. भाराच्या तारेच्या वाटेत पेटीत काही दशलक्ष ओहमचा रोध असतो, त्यामुळे तिच्यातून फार वीज येऊ शकत नाही. पत्र्यांच्या तारांना असा मोठा रोध नसतो. झटका तिकडून लागतो.

साहजिकच कोणी विचारील, तार तुटली तर नवी केबल का जोडू नये? बाजारात मिळते. मिळते, पण ती चालत नाही, आणि याचे कारण समजण्यासारखे आहे. दोन तारा शेजारी-शेजारी नेल्या की त्या आपसांत थोडी वीज साठवून ठेवतात. या गुणाचे माप पिकोफॅरड. हा हेडफोन स्वतःच सुमारे शंभर पिकोफॅरडचा कंडेन्सर आहे. मायक्रोफोनला वापरतात तसली जाळीची केबल मीटरभर घेतली तर तिचे माप तेवढेच किंवा त्याहून अधिक भरते. म्हणजे दोन-अडीच मीटर केबलीने पेटीच्या डोक्यावर हेडफोनापेक्षा मोठे ओझे चढते, आणि ते जाणवते वरच्या स्वरांत. स्टॅक्सच्या नंतरच्या लॅम्डा जातीच्या हेडफोनांना रुंद चपटी केबल असते, पाहणाराला ती गबाळी वाटते. ती रुंद आहे ती तारांना एकमेकींपासून लांब ठेवण्यासाठी. तेव्हा आहे ती केबल वाचवता आली तर वाचवावी.

तार कुठे तुटली हे हेडफोन न उघडता कळू शकते, आणि आम्हांला सर्वांत आनंद याच भागाचा झाला. कपॅसिटी मोजणारा मल्टिमीटर आता स्वस्तात मिळतो. प्लग पेटीतून काढावा, थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि एका कानाच्या दोन पत्र्यांच्या पिनांमध्ये माप घ्यावे. मग दुसऱ्या कानाचे. मीटरच्या स्वतःच्या तारांचे माप आधी वजा करावे. दोन्ही माप जवळजवळ सारखी आली पाहिजेत. काकांच्या उजव्या बाजूचे १७० च्या आसपास भरले, डावीकडचे जेमतेम १०. आता विचार करा. तार कानाच्या वाटीपाशी तुटली असती तर हेडफोनचे शंभर गेले असते, पण केबलीचे साठ-सत्तर शिल्लक दिसले असते. तेही दिसत नाहीत, म्हणजे तार अगदी प्लगच्या तोंडाशी तुटली आहे. हजेरीचे पुस्तक पाहून मुकादम कोणत्या खात्यात माणसे कमी आहेत ते सांगतो, तसेच हे.

भाराच्या तारेला ही युक्ती लागू पडत नाही, कारण पापुद्र्यावरचा लेप मुद्दामच फार मोठ्या रोधाचा असतो आणि मीटर त्यावर फसतो. तिचे लक्षण वेगळे. भाराची तार तुटली की आवाज एकदम जात नाही. पापुद्र्यावर आधी साठलेला भार झिरपत जातो आणि आवाज हळूहळू विझतो. पत्र्याची एक तार तुटली तर आवाज बसतो आणि खरखरीत होतो, रस्सीखेचीतला एकच संघ उरल्यासारखा. काकांचे दुखणे हे दुसरे.

तुटण्याचे कारणही सापडले. गाणे संपले की काका केबल त्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीभोवती आवळून गुंडाळत आणि प्लग तसाच सॉकेटात राही. चाळीस वर्षे रोज एकाच जागी मुरड. बोटीवरचे दोर ज्याने जन्मभर नीट गुंडाळले त्याने घरी असे करावे!

आता दुरुस्ती. पेटीची तार भिंतीतून काढायची, नुसते बटण बंद करून भागत नाही. हेडफोनचा प्लग पेटीतून काढायचा. हेडफोनच्या पापुद्र्यावर उरलेला भार क्षुल्लक असतो, त्याने माणसाला इजा होत नाही. पण पेटीतले किंवा ॲम्प्लिफायरमधले मोठे कंडेन्सर भिंतीतून तार काढल्यावरही वीज धरून ठेवतात. म्हणून पेटी उघडायचीच नाही. केबलीच्या कामाला ती उघडावी लागत नाही. जो शिकाऊ आहे त्याने तर उघडूच नये.

काकांचा प्लग स्क्रूने उघडणारा निघाला, हे नशीब. काही प्लग एकजीव ओतलेले असतात; ते कापून नवा लावावा लागतो. नवा लावताना दिसायला सारखा म्हणून रेडिओच्या दुकानातला कोणताही गोल प्लग चालत नाही. त्याच्या पिनांमधले अंतर आणि आतले प्लॅस्टिक या व्होल्टांसाठी केलेले नसते. या प्लगांत पिनांभोवती टेफ्लॉनसारखा चांगला विद्युत्‌रोधक वापरतात तो उगीच नव्हे.

उघडल्यावर प्रथम काही न करता चित्र काढले. कोणत्या पिनेला कोणत्या रंगाची तार, हे कागदावर. फोटोही काढावा, पण हाताने काढलेले चित्र मनात राहते. दोन पत्र्यांच्या तारा एका कानात उलटसुलट झाल्या तर काही जळत नाही. पण एका कानातला पापुद्रा बाहेर येईल तेव्हा दुसऱ्यातला आत जाईल, आणि गाणारा माणूस मध्यभागी न राहता डोक्याबाहेर कुठेतरी पसरल्यासारखा वाटेल. भाराची तार मात्र पत्र्याच्या पिनेवर गेली तर यंत्र बिघडू शकते. म्हणून चित्र.

मग केबलीचा टोकाकडचा, मुरडून थकलेला तीनेक सेंटिमीटरचा तुकडा कापून टाकला. एकच तार तुटली होती, पण तिच्या शेजारणीही त्याच मुरडीत होत्या. एकीला डाख देऊन बाकीच्यांना आज धडधाकट म्हणून सोडून दिले की सहा महिन्यांत पुन्हा तेच काम. कापण्याआधी दोन्ही कानांच्या केबली सारख्या लांबीच्या राहतात ना ते पाहावे. इथे काप जोड-केबलीच्या टोकाशी असल्यामुळे प्रश्न आला नाही.

डाख देण्यापूर्वी प्रत्येक तारेवर बारीक विद्युत्‌रोधक नळी ओवून ठेवायची. ही नळी नंतर गरम केली की आकसून जोडावर बसते. ओवायला विसरले तर डाख दिल्यावर ती घालता येत नाही, सगळे सोडवावे लागते. आम्ही विसरलो. सहांपैकी दोन जोड पुन्हा सोडवले. पिना प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या असतात, इस्त्री फार वेळ टेकली तर प्लॅस्टिक नरमते आणि पीन कलते. कललेली पीन सॉकेटात शिरत नाही. त्यावर उपाय असा की डाख देताना प्लग जोडीच्या एखाद्या जुन्या, सुट्या सॉकेटात खोचून ठेवावा, म्हणजे पिना जागेवर राहतात. पेटीच्या सॉकेटात खोचू नये. तार व पीन दोन्हींना आधी स्वतंत्र कथील चढवावे, मग एकत्र आणून दोन सेकंदांत काम संपवावे. डाखाचा टोकदार काटा बाहेर आलेला ठेवू नये.

आणि आता आमचा अपराध. हे सगळे आम्ही दुसऱ्या खेपेचे सांगत आहोत. पहिल्या खेपेला आम्ही पत्र्याच्या डब्यांना डाख देताना वापरतात ते आम्लाचे पाणी वापरले, कारण हाताशी तेच होते. जोड चकचकीत आले. काकांनी डोक्यावर चढवला, दोन्ही कान सारखे वाजू लागले, आणि आम्ही चहा पिऊन विजयी मुद्रेने घरी आलो. दुसऱ्या दिवशी निरोप आला : तासाभरात दोन्ही कानांचे आवाज बसले. काकांच्या मनात आले की आता उजवाही गेला.

दिवस श्रावणाचे, हवा ओली. आम्लाचे मीठ पिनांमध्ये राहिले होते, त्याने हवेतले पाणी ओढले आणि पिनांमध्ये विजेला एक चोरवाट झाली. इथे हिशेब पाहण्यासारखा आहे. भाराच्या तारेच्या वाटेत समजा पाच दशलक्ष ओहमचा रोध आहे. चोरवाटही पाच दशलक्ष ओहमची झाली, तर २३० व्होल्टपैकी निम्मे वाटेतच संपतात आणि पापुद्र्याला ११५ उरतात. पाच दशलक्ष ओहम म्हणजे घरच्या इतर कोणत्याही यंत्रात जवळजवळ तुटलेलीच वाट. इथे तीच घातक. भार दोन्ही कानांना एकाच ठिकाणाहून येतो, म्हणून दोन्ही कान एकदम बसले. त्यावरूनच दोष प्लगमध्ये आहे हे कळले. साधा मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. २३० व्होल्टांना वाट देणारा ओलावा त्याच्या नजरेस पडेलच असे नाही. आमच्या मीटरने सगळे ठीक म्हणून सांगितले होते. मीटर खोटे बोलला नाही, आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

पुन्हा सगळे काढले. या वेळी राळ असलेले कथील, दुसरे काही नाही. डाख दिल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातांच्या ब्रशने पिनांचा सगळा परिसर घासून धुतला. राळेचा चिकट थरही धूळ धरतो, म्हणून तोही. हाताचा घामसुद्धा मीठच आहे, तेव्हा धुतल्यावर बोट लावले नाही. एक दिवस उन्हाच्या खिडकीत कोरडा होऊ दिला. श्रावणात ऊन मिळणे हा वेगळा प्रश्न. प्लगचे कवच बंद करताना केबलीची पकड तिच्या बाहेरच्या कातड्यावर येते ना ते पाहिले, म्हणजे ओढ बसली तरी ती डाखावर येत नाही. मग पुन्हा माप घेतले : दोन्हीकडे १७० च्या आसपास.

अशा वस्तूंचे सुटे भाग मिळतात का, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ नाही. स्टॅक्सची मूळ कंपनी १९३८ सालची. १९९५ साली ती बंद पडली. बंद कारखान्याच्या दारात उभे राहणे हा आमचा धंदाच आहे, त्यामुळे पुढे काय होते ते आम्हांला पाठ आहे : यंत्रे भंगारात जातात आणि माणसे जमेल तिकडे. इथे तसे झाले नाही. तिथे काम केलेल्या माणसांनीच १९९६ साली त्याच नावाची नवी कंपनी उभी केली आणि हे हेडफोन पुन्हा बनू लागले. ती कामगारांची सहकारी संस्था होती असे कोणी समजू नये. ती मर्यादित कंपनीच होती, आणि २०११ साली चीनच्या एडिफायर कंपनीने ती विकत घेतली. पण १९९५ नंतर ज्यांच्या हातांना तो पापुद्रा ताणता येत होता ते हात पांगले असते, तर जगातल्या जुन्या हेडफोनांचे वालीपण संपले असते. एवढे करूनही १९७८ सालच्या नमुन्याची केबल आज दुकानात मागून मिळेल असे धरून चालू नये. आमच्यासारख्याला आहे तीच तीन सेंटिमीटर आखूड करून वापरावी लागते.

काकांनी पुन्हा हेडफोन चढवला. सुरुवातीला आवाज हळू येतो; पापुद्र्यावर भार चढायला वेळ लागतो. काका आमच्याकडे संशयाने बघू लागले. आम्ही म्हटले, थांबा. मिनिटाभरात पेटीचा भाता डावीकडून आला, झांजा उजवीकडून, आणि बुवा मधोमध. काकांनी काही म्हटले नाही. थोड्या वेळाने हेडफोन स्वतःच उलटा करून घातला, आणि पुन्हा सुलटा.

नंतर आम्ही त्यांना कानाच्या तपासणीला घेऊन गेलो, कारण इंजिनखोलीचे देणे काही तारेने फिटलेले नव्हते. वरच्या स्वरांत दोन्ही कान थकले आहेत, डावा थोडा अधिक. बहिरा मात्र कोणताच नाही. पुढच्या रविवारी सभेला आले, नेहमीच्या पुढच्या रांगेत बसले आणि वर्गणीच्या हिशेबातली आमची एक चूक सर्वांदेखत काढली.

त्या संध्याकाळी आम्ही निघायच्या बेताला आलो तेव्हा काका सवयीने केबल पेटीभोवती आवळून गुंडाळायला लागले होते. आम्ही ती हातातून काढून घेतली, प्लग सॉकेटातून उपसला, आणि केबलीची सैल मोठी वेटोळी करून खुंटीला टांगून दिली.